अध्यक्षांचा राजीनामा आणि माझी चौकट

मी एका अध्यक्षांना न विचारता खुर्चीवरून उतरवलं आणि तसं पहिल्या पानावर छापून टाकलं. अध्यक्ष तेव्हा खुर्चीतच होते. अजूनही आहेत. त्यांनी राजीनामा दिलाय हे एका संध्याकाळी फक्त मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्या भोपाळला कळलं, आणि सगळ्यांत शेवटी त्यांना.

ऑफिसात मी सांगितलं, चूक एका शब्दाची आहे. घरी तेच सांगायला गेलो तर आमच्या मंगलाबाई म्हणाल्या, "शब्दाला कशाला मधे घालता? जळत होतात, म्हणून नीट ऐकू आलं नाही." बायकोचं म्हणणं खरं असलं की नवरा विषय बदलतो. मी आता निवृत्त झालोय, बदलायला विषय उरलेले नाहीत, तेव्हा सांगूनच टाकतो.

एम. पी. नगरातल्या एका हिंदी दैनिकात माझी सगळी नोकरी झाली. शेवटची काही वर्षं पहिल्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यातली एक चौकट माझ्याकडे होती. रुंदी एक कॉलम, उंची चार बोटं, नाव 'खुरचन'. दूध आटवून झालं की कढईला जे चिकटून राहतं ते खरवडून काढतात, ती खुरचन. दिवसभराच्या बातम्या आटल्या की तळाशी राहिलेलं मी खरवडायचं: थोडं राजकारण, थोडा खेळ, थोडी लोकांची वागणूक. तीन-चार ओळी. खाली नाव नाही.

बाहेरच्यांना वाटतं, एवढ्याशा ओळी म्हणजे चहा पिता पिता होत असतील. राजकारणावरची ओळ दुपारी लिहिली की संध्याकाळपर्यंत नासते. सकाळी ज्या पक्षाच्या माणसावर लिहावं, तो सहा वाजता दुसऱ्या पक्षाचा गमछा गळ्यात घालून फोटोत हसत उभा असतो. मग ओळ तीच ठेवून पक्ष बदलायचा. तेवढं एक सुख, की चांगली ओळ कुठल्याही पक्षाला बसते. नाव कुणाचं घ्यायचं नाही, पण ज्याचं त्याला कळलं पाहिजे, आणि कळूनही त्याला फोन करून भांडता येऊ नये. खेळाची तऱ्हा वेगळी. सामना संपला की लगेच पान छापायला जातं, म्हणून दोन ओळी तयार ठेवायच्या, एक जिंकलो तर आणि एक हरलो तर. लोकांच्या वागणुकीवरची ओळ तेवढी टिकाऊ. अरेरा कॉलोनीत लोक दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावून 'बस दो मिनट' म्हणतात, हे मी सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा ताजंच होतं.

टपरीवर पेपर उघडलेल्या माणसाला चहा हातात यायच्या आत हसू आलं पाहिजे, हा मी स्वतःसाठी केलेला नियम. तो पाळला जातो का हे बघायला मी जवाहर चौकातल्या टपरीवर जाऊन बसत असे. लोक पहिलं पान पसरत, माझ्या चौकटीवर चहाचा ग्लास ठेवत आणि राशिभविष्य वाचायला आत जात. वृश्चिक राशीला प्रवासयोग आहे, असं लिहिणाऱ्या सद्गृहस्थांचाही मी हेवा केलाय. त्यांचं रोज चुकायचं आणि तरी लोक रोज वाचायचे.

एकदा त्या दोन ओळींपैकी नको ती ओळ माझ्या हातून गेली. वर आठ कॉलमांत 'शानदार जीत', खाली माझी चौकट पराभवाचं सांत्वन करतेय. सकाळी मी धसका घेऊनच ऑफिसात शिरलो. कुणी काही बोलेना. आमचे संपादक दुबेजी यांनी तर उलट माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. दुपारी लक्षात आलं की कुणी रागावलं नाही, कारण कुणी वाचलंच नाही. त्यापेक्षा दोन शिव्या आल्या असत्या तर जेवण गेलं असतं.

वाचकांनी लिहावं म्हणून पेपरात एक मोबाइल नंबर छापलेला असे. तो मोबाइल माझ्या टेबलावर असायचा, कारण वाचकांची पत्रं निवडणं हेही माझंच काम. चारच्या सुमाराला त्यावर संदेश आला: "ऊपर की ख़बर में हम जीत गए हैं, नीचे की खुरचन में हार गए हैं। कृपया बताएँ, पटाखे फोड़ें या रखें?" खाली नाव, कुमुद पुराणिक, अरेरा कॉलोनी.

आधी मला आनंद झाला, एक वाचक सापडला. मग संदेश पुन्हा वाचला. माझ्या चौकटीत त्या महिन्यात एवढी चांगली ओळ आली नव्हती. शिवाय 'ख़बर'च्या ख खाली नुक्त्याचा ठिपका अगदी जागच्या जागी. आमच्या घरी नुक्ता म्हणजे शाईचा डाग समजत.

त्या दिवसापासून कुमुदताई रोज दोन ओळी पाठवू लागल्या. मुलींच्या शाळेत जन्मभर हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या, माहेर-सासर दोन्ही उज्जैनचं. भोपाळच्या बाहेरच्या वाचकांना इथली एक बारीक भानगड सांगायला हवी. उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना इकडे पिढ्या झाल्या, हिंदी त्यांच्या तोंडात पाण्यासारखी वाहते. आम्ही नागपूरवाले राजधानी भोपाळला आली तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर आलो, फायलींच्या गठ्ठ्यांमागून. आमची हिंदीही फायलीतलीच राहिली. आई तर घरात हिंदी शब्द आला की चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवायला लावायची. एखाद्या दुबेजींनी, सक्सेनांनी झकास हिंदी लिहिली तर माझी तक्रार नसे, त्यांचं ते काम. पण पुराणिक आडनावाच्या बाईने माझ्याहून चांगली खुरचन काढावी, हे माझ्या पचनी पडेना.

त्यात त्या मंगलाच्या महिला मंडळातल्या. मला पाठवलेली ओळ त्या मंडळाच्या ग्रुपवरही टाकत. माझी ओळ मी संध्याकाळी फोनवर वाचून दाखवली, तर मंगला पोळ्या लाटता लाटता 'छान' म्हणे. कुमुदताईंची ओळ आली की लाटणं थांबे. मग हसणं ऐकू येई, नंतर एखाद्या मैत्रिणीला फोन, आणि पोळी करपे. नवऱ्याच्या लेखनाने आमच्या घरात कधी पोळी करपली नाही.

त्यांच्या ओळी मी छापल्या नाहीत. एकही नाही. प्रत्येकीला उत्तर मात्र शिस्तीत पाठवलं: "स्थानाभाव के कारण प्रकाशित करना संभव नहीं।" दोन ओळींना जागा नाही, असं मी सांगत होतो, आणि त्याच पानावर अर्ध्या पानात एक हसरी बाई खाद्यतेलाचा डबा घेऊन उभी होती. कुमुदताईंचं उत्तर ठरलेलं असे, "कोई बात नहीं।" त्या एकदा जरी भांडल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

आता तो दिवस. शहरात हॉकीची एक स्पर्धा झाली, तिच्या बक्षीससमारंभात संघटनेचे अध्यक्ष आणि संघाचे प्रशिक्षक यांची व्यासपीठावर जुंपली. कारण हार. पाहुण्यांच्या हस्ते पहिला हार कुणी घालून घ्यायचा यावरून ओढाओढ झाली, झेंडूची फुलं माइकवर पडली, धक्काबुक्की झाली आणि प्रशिक्षक तडक ठाण्यात तक्रार द्यायला गेले. राजकारण, खेळ, वागणूक, तिन्ही एका व्यासपीठावर. माझ्या चौकटीला असा दिवस वर्षातून एकदा येतो. मी बाह्या सरसावल्या, तेवढ्यात मोबाइल वाजला. कुमुदताई.

"मंच पर झगड़ा इस बात का था कि हार किसके गले पड़े। टीम तो दोपहर में ही अपने गले डाल चुकी थी।"

झालं. हार म्हणजे माळ आणि हार म्हणजे पराभव, दोन्ही भाषांत तेच, आणि मला सुचलं नव्हतं. टीम दुपारी हरली होती, हेही मला माहीत होतं. सगळा माल माझ्या टेबलावर होता आणि हलवा त्यांनी केला. तासभर मी दुसरं काही लिहायचा प्रयत्न केला. दर ओळीत ते हार येऊन पडत होते. मला आता एवढी मोठी बातमी हवी होती, की तिच्यापुढे त्यांची ओळ शिळी व्हावी.

पावणेसातला ठाण्यावरून आमच्या वार्ताहराचा फोन आला. "ठोंबरेजी, अध्यक्षजी वाला मामला ख़त्म। राजीनामा हो गया। थाने में ही।"

आमच्याकडच्या ठाण्या-कोर्टातल्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी झाले, समेट झाला. खुर्ची सोडली तर तो इस्तीफ़ा. हे मला ठाऊक नव्हतं म्हणालो तर नरकात जाईन. असले शब्द मीच नव्याने लागलेल्या मराठी मंडळींना समजावून देत असे. शिक्षा म्हणजे इथे शिक्षण, चेष्टा म्हणजे प्रयत्न, यंत्रणा म्हणजे यातना. 'सारी यंत्रणा मंत्रीजी के साथ आई' असं लिहिलंत तर खरं असेल, पण छापता येणार नाही. हे माझं ठरलेलं वाक्य होतं, त्यावर लोक हसतही. पण त्या संध्याकाळी माझे कान मराठी झाले होते. मनात एकच, कुमुदताईंच्या घरी फोन आला नसेल, मला आलाय. माणसाने थेट ठाण्यात बसून राजीनामा दिला, केवढं मनाला लागलं असेल, असा विचार येऊन मला त्या अध्यक्षांविषयी माया वाटली. आणि मायेने मी लिहिलं:

"अध्यक्षजी ने आख़िर कुर्सी छोड़ दी। दोनों की हालत स्थिर बताई जा रही है।"

ओळ वाईट नाही. आजही मी तिच्या बाजूने उभा राहीन. तिच्यात एवढंच व्यंग होतं, की तसं काही घडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुबेजींनी बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर अध्यक्ष आणि प्रशिक्षक शेजारी शेजारी बसले होते, कालच समेट झालेले, एकमेकांना बशी पुढे करत. माझ्या चौकटीने त्यांची मैत्री आणखी घट्ट केली होती. आत पाचव्या पानावर ठसठशीत बातमी होती, 'दोनों पक्षों में राजीनामा', आणि पहिल्या पानावर मी. अध्यक्षांना पहाटेपासून सांत्वनाचे फोन येत होते. तिघांनी त्यांच्या जागेसाठी आपली नावं पुढे केली होती, त्यांतले एक त्यांचे साडू. ते ओरडले नाहीत. हात जोडून म्हणाले, "भाई साहब, जितनी जगह में उतारा है, उतनी ही जगह में वापस बिठा दीजिए।"

इतकं बेतीव वाक्य. हेवा मला तिथेही सोडेना. हे तरी मला सुचायला हवं होतं, असं वाटून गेलं.

दुबेजींनी सांगितलं, उद्याच्या चौकटीत खुलासा द्या, पण हसता हसता. मी तिथेच बसून तीन खुलासे लिहिले. पहिल्याला वकिलाचा वास येत होता, दुसऱ्याला दवाखान्याचा. तिसऱ्यात मी अध्यक्षांना 'यशस्वीरीत्या पदावर असल्याबद्दल' शुभेच्छा दिल्या होत्या. तेवढ्यात मी बरोबर आणलेला वाचकांचा मोबाइल दुबेजींनी उचलला. लोक काय म्हणताहेत ते बघू, म्हणाले. सगळ्यांत वर सकाळी सातचा संदेश होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

"राजीनामा मराठी में हो तो कुर्सी जाती है, हिन्दी में हो तो बच जाती है। खुरचन वाले भाई साहब बताएँ, कल वे किस भाषा में बैठे थे?"

अध्यक्ष हसले. प्रशिक्षक हसले. दुबेजी चष्मा काढून हसले, आणि मी त्यांच्याबरोबर ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण माझ्या कुठल्याही ओळीने त्यांचा चष्मा उतरला नव्हता. हा खुलासाही होता, माफीही होती, भाषेचा धडाही होता, शिवाय माझ्या कानाखाली हलकीशी एक. सगळं दोन ओळींत.

"ये कौन हैं?" असं म्हणत दुबेजींनी बोटाने पडदा वर सरकवला. मग आणखी वर. मग सरकवतच राहिले. हसू कमी होत गेलं. महिन्यांमागचे महिने वर जात होते, एकेक ओळ, तिच्याखाली माझं उत्तर, तिच्याखाली 'कोई बात नहीं।' अध्यक्ष उठून गेले तरी त्यांचं बोट थांबेना. शेवटी मोबाइल माझ्यापुढे ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "स्थानाभाव?"

मी तिन्ही खुलासे गोळा करून खिशात घातले.

त्यांनी शांतपणे निकाल दिला. उद्या ही ओळ चौकटीत जाईल, खाली बाईंच्या नावासकट. पुढे आठवड्यातले तीन दिवस चौकट त्यांची, तीन दिवस माझी, रविवारी चौकटीला सुट्टी असेच. आणि त्यांना विचारायला मी स्वतः जायचं.

सगळी चौकट काढून घेतली असती तर मी हुतात्मा म्हणून मिरवलो असतो. तीन-तीन दिवस म्हणजे दर आठवड्याला निकाल. सोमवारी हसलेला वाचक मंगळवारी माझ्याकडे बघून काय करणार, हे मला दिसत होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. आपल्या हाती आयुष्यात राजवाडा नव्हता, दुकान नव्हतं, पेपरातली चार बोटं जागा होती, आणि तिच्यातली दोन बोटं आपणच नेऊन द्यायची. बाई नाही म्हणाल्या तर किती बरं होईल, एवढं एकच मनात घेऊन मी दुपारी अरेरा कॉलोनीत गेलो. मंगला बरोबर आली. तिला चल म्हटलं नव्हतं, तीच पदर खोचून स्कूटरवर बसली.

कुमुदताई जेवणाच्या टेबलावर आमचाच पेपर पसरून बसल्या होत्या. हातात लाल पेन. शाळा सुटली तरी तपासणं सुटलं नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अशुद्ध लेखनावर लाल गोल होते. माझ्या चौकटीवर गोल नव्हता, शेजारी फक्त एक प्रश्नचिन्ह होतं.

त्यांनी चहा टाकला, रतलामी शेव पुढे केली आणि मी आल्याचं कारण ऐकून घेतलं. मग मी त्यांच्या हितासाठी बोलायला लागलो. म्हटलं, ताई, रोजची जबाबदारी फार वाईट. पुढारी फोन करतात. खेळाडूंचे चाहते फारच घाण बोलतात. सात वाजता ओळ हवी म्हणजे हवी, घरी पाहुणे असोत की ताप असो. तुमच्या वयाला ही दगदग कशाला?

"शब्द किती?" त्यांनी विचारलं.

"पस्तीसच्या आत."

"सोमवार, बुधवार, शुक्रवार देईन. मंगळवारी आमचं भजन असतं." आणि पेनाला टोपण लावून म्हणाल्या, "तुम्ही स्वतः विचारायला आलात, हे छान केलंत हो."

एवढ्यावर उठलो असतो तर माझी सुटका होती. मी चपला शोधायलाही लागलो होतो. पण मंगला जागची हलेना. "अहो," ती म्हणाली, "ते मार्चमधलंही सांगून टाका."

मार्चमधलं तिला माहीत आहे, हे मला त्या क्षणी कळलं. ही गोष्ट तुमच्यापासूनही मी इथवर लपवून ठेवली. कुमुदताईंची एकही ओळ मी छापली नाही, हे खरं. त्यांच्या नावाने छापली नाही. मार्चमध्ये एक दिवस मला काहीच सुचत नव्हतं. घड्याळ सातकडे चाललं होतं आणि मोबाइलवर त्यांची ओळ आली होती. आमच्याकडे कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी शोकसभा असते, तिला उठावना म्हणतात. तिथे आजकाल लोक कसे बसतात, त्यावर ती ओळ होती: "उठावने में सब फ़ोन पर लगे थे। पूरी बात सुनने वाला एक ही आदमी था, और उसकी तस्वीर पर माला पड़ी थी।"

मी ती घेतली. अगदीच चोरी वाटू नये म्हणून थोडा हात फिरवला. 'आदमी'चं 'व्यक्ति' केलं. 'तस्वीर'चं 'छायाचित्र' केलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोघांनी पाठ थोपटली, जवाहर चौकात एका माणसाने ग्लास उचलून माझी चौकट वाचली, आणि मी दोन दिवस छाती काढून फिरलो. कुमुदताईंना त्या दिवशीही 'स्थानाभाव' पाठवलं होतं. त्यांचं 'कोई बात नहीं' त्या दिवशीही आलं होतं. आणि मंगलाने मंडळाच्या ग्रुपवर ती ओळ आदल्याच संध्याकाळी वाचलेली होती. सकाळी पेपर बघून ती काही बोलली नव्हती. त्यानंतरही त्याविषयी अवाक्षर काढलं नव्हतं.

हे सगळं मी कुमुदताईंना सांगितलं. उभ्याउभ्या, एका पायात चप्पल. माफ करा म्हटलं, आणि या वेळी ते सुचण्यासाठी वेळ लागला नाही.

त्यांनी मंगलाला आणखी थोडी शेव घ्यायला लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, चोरलीत ना, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, माणसाला लिहिता येत नसलं तरी वाचलेलं कळतं. मग पुढे 'छायाचित्र' आलं."